हिरवळीला रफू

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं आणि नागपूर देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. नागपूरकरांना खुलासा पटला, पण आकडाही काही अगदीच अशक्य वाटला नाही. मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सोसलेलं हे गाव आहे. शिवाय त्या दुपारी ५६ अंशांच्या वर तापलेल्या जागा शहरात खरोखरच होत्या, फक्त तिथे कोणी तापमापक ठेवला नव्हता. बंगल्यांच्या फाटकाआड, गेटपासून पोर्चपर्यंत पसरलेली प्लास्टिकची हिरवळ ही त्यातली एक.

ही हिरवळ किती तापते याचं मोजमाप अमेरिकेतल्या युटा राज्यात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ मध्ये झालं. हवेचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असताना कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. त्यावर पाणी मारून पाहिलं, तर ७९ अंशांवरून तो २९ वर आला खरा, पण पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर परत पोचला. म्हणजे भर उन्हात पाइप हातात घेऊन प्लास्टिक भिजवणारे काका नळाचं पाणी वीस मिनिटांच्या गारव्यासाठी घालवत असतात. खऱ्या गवतावर तेच पाणी मुळाशी जातं आणि पात्यांतून हळूहळू उडत राहतं. प्लास्टिकला मूळ नाही, म्हणून त्याच्याजवळ गारव्याचा साठाही नाही.

तरीही लोक ते लावतात, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमधला तीस बाय पन्नासचा प्लॉट घ्या. घर, जिना, बोअर, गाडीची जागा वजा केली की पुढे दहा-बारा फुटांची पट्टी उरते. तिथे पूर्वी शेणाचा सडा पडायचा, तुळशीवृंदावन असायचं आणि मागच्या सांदवाडीत लिंबू, कढीपत्ता. आता शेजारच्या प्लॉटवर चार मजली इमारत उठलेली असते. सकाळी तिची सावली आणि दुपारी भट्टीचं ऊन, अशा दोन टोकांत लॉन तग धरत नाही. माळी आठवड्यातून एकदा येतो, तोही दोन फोन केल्यावर. जुलै २०१९ मध्ये शहराला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाने तळ गाठला आणि महापालिकेला दिवसाआड पाणी सोडावं लागलं, तेव्हा अंगणातल्या गवताला पाइप लावायची हिंमत कोणाची होणार? नर्सरीतून हौसेने आणलेल्या मेक्सिकन गवताच्या गाद्या त्या वर्षी अनेकांनी डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या.

गंमत म्हणजे प्लास्टिकच्या गवताचा जन्मही अशाच एका फसलेल्या लॉनमधून झाला. ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम हे छताखालचं स्टेडियम १९६५ मध्ये सुरू झालं, तेव्हा आत खरंच गवत होतं आणि त्याला ऊन मिळावं म्हणून छताला पारदर्शक तावदानं होती. त्या झगमगाटात खेळाडूंना उडालेला चेंडू दिसेना. तावदानं रंगवली, तर गवत मेलं. मग उरलेला हंगाम मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग फासून निभावला. मोन्सँटो कंपनीचं ‘केमग्रास’ त्याआधी, १९६४ मध्ये, प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राउन शाळेत पसरलं होतं. १९६६ मध्ये ते ह्यूस्टनला आलं आणि त्याचं नाव ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ पडलं. आपल्याकडे या वस्तूची ओळख झाली ती अंगणामुळे नव्हे, हॉकीमुळे. १९७५ मध्ये क्वालालंपूरच्या गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातवा आला. तो घाव जुन्या हॉकीवाल्यांच्या बोलण्यात अजून निघतो.

अंगणातलं टर्फ मात्र मैदानातल्या टर्फहून हलक्या जातीचं असतं. उभी पाती पॉलिइथिलीनची. त्यांच्या बुडाशी वाळक्या गवताचा भास व्हावा म्हणून कुरळी, पिवळट तपकिरी पॉलिप्रोपिलीनची झुबकेदार तंतुवीण. खाली विणलेलं कापड, त्यावर पाती धरून ठेवणारा लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा थर, आणि पाणी निचरायला थोड्याथोड्या अंतरावर भोकं. गठ्ठा बहुधा दोन मीटर पन्ह्याचा येतो. अंगण त्याहून रुंद असलं की जोड आलाच, आणि जिथे जोड तिथे पहिलं दुखणं.

दुरुस्तीला आलेला जाणता कारागीर आधी गवताकडे पाहत नाही, आजूबाजूला पाहतो. खुणेच्या आकारावरून गुन्हेगार ओळखता येतो. रुपयाएवढं काळं, कडक, बोटाला टोचणारं वर्तुळ असेल तर ते दिवाळीतल्या अनाराचं किंवा टाकून दिलेल्या फुलझडीच्या तारेचं काम. चार कोपऱ्यांना चार खड्डे आणि त्यांच्याभोवती गंजाचे डाग म्हणजे कूलरची लोखंडी घोडी. गेटपासून दारापर्यंत झोपलेली पट्टी म्हणजे रोजची ये-जा, शिवाय दूधवाला आणि कुरिअरवाला. आणि वितळून एकमेकांना चिकटलेल्या पात्यांचा लांब, तिरपा पट्टा दिसला, तर मान वर करून समोरच्या घराची काच बघायची. दर्शनी भागाला आरशासारखी काच लावायची हौस नागपुरातही पोचली आहे. किंचित आत वाकलेली काच ऊन गोळा करून एका रेषेत फेकते आणि सूर्य सरकतो तशी ती रेषा अंगणावरून सरकत जाते. अशा ठिकाणी नवा तुकडा लावणं म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा जाळणं. आधी काचेवर फिल्म हवी, नाही तर मध्ये एखादी मोगऱ्याची कुंडी किंवा हिरवी नेट. आता समोरच्या घरवाल्यांना हे सांगायचं कोणी, हा प्रश्न दुरुस्तीच्या कक्षेत येत नाही.

कूलरची गोष्ट जरा जास्त सांगण्यासारखी आहे, कारण ती खास इथली. मार्च संपता संपता वूडवूल बदललं जातं, घोडी खिडकीबाहेर येते आणि जूनपर्यंत कूलर अहोरात्र घुरघुरतो. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते दाट झालेलं पाणी ठिबकत ठिबकत खालच्या हिरवळीवर पडतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे तर महिन्याभरात पाती पांढरी आणि खरखरीत होतात, झुबके एकमेकांना चिकटून बसतात आणि खालची भोकं बुजतात. घरातल्या बाईंना वाटतं गवत उन्हाने गेलं. उन्हाचा इथे दोष नसतो. पाण्यात व्हिनेगर मिसळून ते तासभर मुरू द्यायचं, मऊ नायलॉनच्या ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. बहुतेक वेळा पाती सुटी होतात. पैसे न लागणारी ही दुरुस्ती आहे, म्हणून ती कोणी सुचवत नाही.

झोपलेल्या पात्यांचंही असंच. पॉलिइथिलीन वितळायला शंभर अंशांच्या पुढे जावं लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी ते नरम पडतं. नरम पडलेल्या पात्यावर खुर्चीचा पाय राहिला की थंड झाल्यावरही वाक तसाच राहतो. त्यामुळे हिवाळाभर खुर्ची ठेवूनही उठणार नाही एवढा डाग मे महिन्याच्या एका दुपारीत उठतो. उपाय म्हणजे सकाळचं ऊन जरा अंगावर आलं, पाती कोमट झाली की राठ नायलॉनच्या झाडूने उलट्या दिशेने झाडायचं. तारेचा ब्रश मात्र कधीच नाही, त्याने पाती चिरतात. आणि मग रेती. स्वस्तात लावून दिलेल्या अंगणात रेती टाकलेलीच नसते. खरं तर पात्यांना उभं ठेवायचं आणि अख्ख्या चादरीला जागच्या जागी दाबून धरायचं काम तीच करते. इथे एक चूक हमखास होते. घराच्या बांधकामातून उरलेली कन्हान नदीची रेती पोत्यात असते, तीच पसरली जाते. तिच्यातली माती पहिल्या पावसात खाली बसते आणि निचऱ्याची भोकं बंद करते. हवी ती धुतलेली, गोल दाण्याची सिलिका रेती, आणि तीही कोरड्या दिवशी, थोडी थोडी, झाडूने मुरवत.

पण नागपुरातलं अर्धं दुखणं वरचं नसतंच. खाली काळी माती असते.

कापसाची म्हणून जिचं कौतुक, ती ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वर मुरमाचा थर टाकून, पाणी मारून, दोन दिवसांत चादर अंथरली, की पहिला पावसाळा तो मुरूम असमान दाबतो. कुठे उंचवटा, कुठे खळगा. खळग्यात पाणी साचतं, पाण्याखाली गोंद सुटतो, सुटलेली कड चपलेत अडकते. घरच्यांना दिसते ती फक्त कड. मग संवाद साधारण असा होतो:

“काकू, याच्या खालचा मुरूमच बसून राहिला. वरून किती बी चिकटवा, नाही टिकत.”

“अरे बापा, मागच्याच वर्षी तं लावलं होतं! तू फक्त एवढं टोक चिकटवून दे ना.”

टोक चिकटवून मिळतं. दीडशे-दोनशे रुपये, सोल्युशनची ट्यूब, पंधरा मिनिटं. चपला-पंक्चरच्या कामाचं ते रबरी सोल्युशन मे महिन्यात पुन्हा नरम पडतं आणि टोक पुन्हा उठतं. खरी दुरुस्ती करायची तर चादर तेवढ्या भागात उलटून, खालचं खणून, गिट्टी आणि वर बारीक चुरी भरून, धुम्मसाने ठोकून घ्यावी लागते. शंभर इंचांना एक-दीड इंच उतार गटाराच्या बाजूला काढावा लागतो. त्यात एक दिवस जातो, मजुरी वाढते, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच केल्यासारखं दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाचे पैसे मागणं हे कोणत्याही कारागिराला जड जातं.

उतार कुठे काढायचा, हाही आता साधा प्रश्न राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत शहरातले रस्ते सिमेंटचे झाले आणि अनेक जुन्या वस्त्यांत रस्ता प्लॉटहून उंच झाला. अंगणातलं पाणी रस्त्यावर जायचं, ते आता रस्त्यावरून अंगणात येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या भागांत, लोक झोपेतून उठले ते पाण्यात. माणसं दगावली, गाड्या वाहून गेल्या. तेव्हा अंगणाच्या चादरीचा विचार कोणी करावा? पण गाळ उपसून झाल्यावर, घरं धुऊन झाल्यावर तोही विचार येतोच. गाळ बसलेल्या टर्फला लोक पहिल्यांदा पाइप लावतात आणि तिथेच चुकतं. पाण्याच्या जोराने बारीक माती भोकांत आणि लॅटेक्सच्या थरापर्यंत जाऊन बसते. गाळ आधी पूर्ण वाळू द्यायचा, पापुद्रे फुटले की झाडूने आणि व्हॅक्यूमने काढायचा, आणि मग कडा उचलून चादर खालून धुवायची. खालून धुतली नाही तर महिन्याभरात येणारा कुबट वास घरात शिरतो, आणि तो कशाचा हे बरेच दिवस कळत नाही.

जळक्या भोकाची दुरुस्ती जवळून पाहण्यासारखी असते. कारागीर चादर उलटी करतो, कारण मागून टाक्यांच्या रांगा दिसतात आणि कटर दोन रांगांच्या मधून चालवता येतो. वरून कापलं की पाती अर्धी कापली जातात आणि जोडावर टक्कल पडतं. जळका भाग चौकोनी निघतो. त्याच मापाचा तुकडा घेण्याआधी तो तळहात हिरवळीवरून फिरवतो: एका बाजूने पाती गुळगुळीत लागतात, उलट बाजूने टोचतात. तुकड्याची पाती त्याच बाजूला झुकलेली हवीत. दिशा चुकली तर एकाच गठ्ठ्यातला, एकाच रंगाचा तुकडाही वेगळा, गडद दिसतो आणि पाहुणा गेटमधून आत येतायेताच विचारतो, “इथे काय झालं?” मग खाली जोडपट्टी, तिच्यावर दोन डब्यांतून मिसळलेला पॉलियुरेथेनचा गोंद, कडांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, आणि तुकडा बसवताना कडेची पाती गोंदात दबू नयेत म्हणून ती बोटाने एकेक उचलून धरायची. वर विटा ठेवायच्या आणि एक रात्र घरातल्या पोरांना व कुत्र्याला तिकडे फिरकू द्यायचं नाही. रफूगर जसा कापडाच्या आतल्या घडीतून धागा काढून भोक भरतो, तशीच इथेही युक्ती आहे. चार-पाच उन्हाळे खाल्लेल्या हिरवळीत नवा कोरा तुकडा डोळ्यांत खुपतो. म्हणून जुनाच तुकडा अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यातून, बहुधा तितकंच ऊन खाल्लेल्या पण नजरेआडच्या जागेतून, काढून मधल्या भोकात बसवतात आणि नवा तुकडा कोपऱ्यात जातो. सोफ्याच्या किंवा झोपाळ्याखालचा तुकडा चालत नाही. तो सावलीत राहून नव्याइतकाच हिरवा असतो.

कामाची वेळही पाळावी लागते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं, म्हणजे मे २०१३ च्या ४७.९ शी तुलना केली तर चव्वेचाळीस अंशांचा फरक. भर दुपारी ताणून चिकटवलेली चादर थंडीत आखडते आणि जोड उघडा पडतो. पहाटेच्या गारठ्यात घट्ट बसवलेली चादर एप्रिलमध्ये सुरकुतते. पावसाळ्यात ओल्या पायावर गोंद धरत नाही. उरतात ते दिवाळीनंतरचे आणि होळीच्या अलीकडचे महिने, आणि त्यातही सकाळचे काही तास. नेमके तेच दिवस लग्नांचे. मंगल कार्यालयांच्या लॉनवरची कामं मोठी आणि पैसे रोख, त्यामुळे घरगुती अंगणातला दोन फुटांचा जोड “पुढच्या आठवड्यात” जातो.

काही वेळा मात्र दुरुस्ती करू नये. मूठभर पाती धरून ओढायची, मुठीत दुमडायची. हिरवा भुगा हाताला लागला, पाती मोडली, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्याच तोडल्या आहेत, त्यांना वाचवणारं रसायन संपलं आहे. अशा चादरीला जोड लावणं म्हणजे घरवाल्यांची फसवणूक. आणि तो भुगा कुठे जातो? रेतीत, गटारात, नाग नदीत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मैदानांत टाकल्या जाणाऱ्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली, अंमलासाठी आठ वर्षांची मुदत देऊन. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या फुलांच्या प्रदर्शनांतून कृत्रिम गवत २०२२ मध्येच हद्दपार केलं. आपल्याकडे अजून यावर कोणी फार बोलत नाही. दोन जातींचं प्लास्टिक, लॅटेक्स आणि रेती असं एकमेकांत रुतलेलं हे मिश्रण वेगळं करून वितळवणं परवडत नाही, म्हणून फेकलेली चादर भांडेवाडीच्या कचरा डेपोतच जाण्याची शक्यता जास्त. अंथरली आहे तोवर ती टिकवावी, यामागचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. नव्याने अंथरावी का, हा वेगळा प्रश्न. आणि पश्चिमेच्या उघड्या अंगणात तरी त्याचं उत्तर नाही असंच द्यावं लागेल.

एक खोड मात्र कोणत्याही गोंदाने जात नाही. लव्हाळा. शेतात आच्छादनाचा प्लास्टिक कागद भोसकून वर येणारं त्याचं टोक अंगणातल्या चादरीला थोडंच जुमानणार? जुलै उजाडला की प्लास्टिकच्या एकसारख्या हिरव्यात मध्येच एक उजळ, तुकतुकीत पान उभं राहतं. जोडाच्या फटीतून हरळी बाहेर डोकावते आणि आडवी पसरायला लागते. उपटलं तर लव्हाळ्याची गाठ खालीच राहते आणि पंधरवड्यात दुसरं पान येतं. काही घरांत तणनाशक मारतात, काहींत आजी सकाळी पूजेच्या दूर्वा तिथूनच खुडून नेतात.

दुरुस्तीचा शेवटचा अडथळा बहुतेक घरांत सारखाच. सगळं ठरतं, मुरूम येतो, पट्टी-गोंद येतो, आणि कारागीर विचारतो, “लावलं तेव्हाची कातरण ठेवली असेल ना? त्याच गठ्ठ्यातली?” शोधाशोध होते. गठ्ठ्याचं नाव, पात्याची उंची, कुठल्या दुकानातून घेतलं, काहीच आठवत नाही. कातरण मात्र सापडते: अर्धी बाल्कनीत कुंड्यांखाली, अर्धी स्कूटरच्या पायदानावर, आणि सगळ्यात मोठा, बरोबर मापाचा तुकडा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मागून नेलेला, त्याच्या बाकड्यावर.